न मागितलेल्या सेवेचे पैसे

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये, धुळ्याच्या आग्रा रोडवर किंवा अमळनेरच्या स्टँडसमोर रिचार्ज करून देणाऱ्या कुठल्याही दुकानात थोडा वेळ उभं राहिलं, की एक तक्रार कानावर येतेच. "भाऊ, मना पैसा कटी ग्यात." परवा टाकलेल्या पैशांतले वीस-तीस रुपये गेलेले असतात. फोन केलेला नसतो, नेट चालू केलेलं नसतं. दुकानदार फोन हातात घेतो, मेसेज खाली-वर करतो आणि सांगतो, "काका, तुमच्या नंबरवर क्रिकेट अलर्ट चालू झालाय." काकांनी क्रिकेटचं काही मागितलेलं नसतं. ते मेसेज इंग्रजीत येत होते म्हणून त्यांनी वाचलेही नव्हते.

पुढे काय होतं, हे महत्त्वाचं आहे. बहुतेक वेळा काहीच होत नाही. दुकानदार ओळखीचा असेल तर सेवा बंद करून देतो. गेलेले पैसे गेले, असं समजून माणूस घरी जातो. रावेरहून जळगावला यायचं एसटीचं भाडं गेलेल्या पैशांपेक्षा जास्त आहे, कस्टमर केअरला फोन लावून एक दाबा, तीन दाबा करत बसायला वेळ नाही, आणि तीस रुपयांसाठी भांडणं बरंही दिसत नाही. हा हिशेब माणसाच्या बाजूने अगदी बरोबर आहे, आणि न मागितलेल्या सेवेचा सगळा धंदा त्याच्यावरच उभा आहे. दहा लाख लोकांकडून प्रत्येकी तीस रुपये म्हणजे तीन कोटी. त्यातल्या शंभर जणांनी भांडून आपले तीस रुपये परत मिळवले, तरी धंद्याला काही फरक पडत नाही. एखाद्याच्या खिशातून एकदम तीस हजार काढले तर तो पोलिसांत जातो. तीस रुपयांना कोणी जात नाही.

या प्रकरणात त्या तीस रुपयांचीच गोष्ट सांगायची आहे. ते कसे कापले जातात, ते परत मागण्याचा हक्क कुठून येतो, आणि मागायचे कसे. सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करा. पैसे कापले गेले की "मी ही सेवा घेतली नव्हती" हे सिद्ध करण्याची धडपड आपण करत बसतो. वास्तविक प्रश्न उलटा आहे. तुम्ही ती मागितली होती, हे कंपनीने दाखवायचं आहे.

बोट कुठे पडतं

कॉलर ट्यूनच्या भरभराटीच्या काळात एक सोय असे. तुम्ही एखाद्याला फोन लावला, पलीकडे घंटी वाजण्याऐवजी गाणं लागलं आणि मध्येच आवाज आला: ही ट्यून कॉपी करण्यासाठी स्टार दाबा. फोन कानाला लावलेला, बटणांचा फोन, गालाने किंवा अंगठ्याने स्टार दाबला गेला की ट्यून तुमच्या नंबरवर आली. ट्यूनचे पैसे वेगळे, महिन्याचं भाडं वेगळं. भाडं दर महिन्याला आपोआप कापलं जाई. गंमत म्हणजे आपली कॉलर ट्यून आपल्याला कधी ऐकू येत नाही. ती फोन करणाऱ्याला ऐकू येते. त्यामुळे पाव्हण्यांपैकी कोणी "काय गाणं लावलंय!" म्हणेपर्यंत मालकाला पत्ताच नसे.

दुसरी वाट पडद्यावर आपोआप उमटणाऱ्या मेसेजची. फोन खिशातून काढला की पडद्यावर मधोमध एक चौकट: आजचं राशिभविष्य, सामन्याचा स्कोअर, प्रेमाचा सल्ला. खाली 'ओके' आणि 'कॅन्सल'. साध्या फोनवर हा मेसेज सिमकार्डातल्या छोट्या मेनूतून येतो. तो बाजूला सारल्याशिवाय फोन लावता येत नाही. माणूस घाईत असतो आणि ज्या बटणाने रोज फोन उचलतो, तेच बटण दाबतो. झाली संमती.

तिसरी वाट स्मार्टफोनची. ती कळली तर अर्धं काम होतं. तुम्ही घरच्या वायफायवर एखादी वेबसाइट उघडता, तेव्हा त्या वेबसाइटला तुमचा मोबाइल नंबर माहीत नसतो. पण सिमच्या डेटावर असता, तेव्हा तुम्ही कोणत्या नंबरवरून आलात हे तुमच्या मोबाइल कंपनीला माहीत असतं. कंपनीशी करार केलेल्या सेवा-पुरवठादाराच्या पानावर तुम्ही गेलात, तर तो नंबर त्याला पुरवता येतो. मग कार्डाचा नंबर, पिन, ओटीपी असलं काही विचारावं लागत नाही. एका गेमच्या जाहिरातीवर किंवा 'व्हिडिओ पाहा' अशा चौकटीवर बोट पडलं, की पैसे थेट बॅलन्समधून किंवा पोस्टपेडच्या बिलातून जातात. लहान मुलं आजीच्या फोनवर खेळत असतात, त्यांची बोटं कुठे पडतील याचा नेम नसतो. गावात वायफाय कमी आणि सिमचा डेटा जास्त, म्हणून हा प्रकार शहरापेक्षा गावात सहज घडतो.

या तीनही वाटांत मोबाइल कंपनी ही सेवा स्वतः पुरवत असेलच असं नाही. राशिभविष्य, गाणी, गेम पुरवणाऱ्या कंपन्या वेगळ्या असतात. वसुली मात्र मोबाइल कंपनी करते आणि त्यातला हिस्सा ठेवते. म्हणूनच कस्टमर केअरवरचा माणूस "ती दुसऱ्या कंपनीची सेवा आहे, आम्ही काही करू शकत नाही" असं म्हणाला तर ते मान्य करू नका. पैसे ज्याने कापले, जाब त्यालाच विचारायचा.

अमेरिकेसारख्या देशातही हे घडलं आहे. तिकडे याला क्रॅमिंग म्हणतात. राशिभविष्य, प्रेमाचे सल्ले, नटनट्यांच्या गप्पा असले मेसेज न मागता सुरू होत आणि बिलात महिन्याला 9.99 डॉलर लागत. तिथल्या केंद्रीय व्यापार आयोगाचा टी-मोबाइल कंपनीवर आरोप होता, की या वसुलीतले 35 ते 40 टक्के ती स्वतःकडे ठेवत होती. डिसेंबर 2014 मध्ये तिने किमान 9 कोटी डॉलर देऊन तडजोड केली. त्याआधी ऑक्टोबरमध्ये एटी अँड टी 10.5 कोटी डॉलरला तयार झाली होती, आणि मे 2015 मध्ये व्हेरायझन व स्प्रिंट या दोघींनी मिळून 15.8 कोटी डॉलर मान्य केले. तिथे एकेका ग्राहकाने भांडण्याऐवजी सरकारी यंत्रणेने सगळ्यांच्या वतीने हिशेब मागितला. आपल्याकडे अजून बहुतांश भार एकेकट्या ग्राहकाच्या खांद्यावर आहे, आणि ते योग्य नाही असं मला ठामपणे वाटतं.

मोबाइलच्या आधीचं बिल

बिलाचा हा वाद मोबाइलबरोबर जन्मलेला नाही. लँडलाइनच्या काळात, एसटीडी सुरू झाल्यावर, दोन महिन्यांचं बिल अचानक चौपट आलं अशा तक्रारी घराघरांत होत्या. तारांच्या खोक्यातून दुसऱ्याच कोणी फोन जोडून मुंबई-दुबईला बोललेलं असे, किंवा मीटरच चुकलेला असे. ग्राहकाच्या हातात कसलाच पुरावा नसे. त्यावर दोन उपाय निघाले. एक, एसटीडीला कुलूप: चार आकडी कोड टाकल्याशिवाय बाहेरगावचा फोन लागायचा नाही. दुसरा, वाद चालू असताना मागच्या सहा बिलांची सरासरी काढून त्यावर दहा टक्के जास्त भरायचे आणि उरलेल्या रकमेची चौकशी होईपर्यंत फोन चालू ठेवायचा. हा दुसरा नियम फार शहाणपणाचा होता. चौकशी संपेपर्यंत माणसाला संपूर्ण रक्कम भरायला लावत नसे, आणि बिल बुडवायलाही वाव देत नसे.

मोबाइल आल्यावर प्रीपेडने हे चित्र उलटं केलं. भारतातले नव्वद टक्क्यांहून जास्त मोबाइल ग्राहक प्रीपेड आहेत. प्रीपेडमध्ये बिलच येत नाही. पैसे आधी भरलेले असतात, ते आतल्या आत कमी होतात. लँडलाइनचा ग्राहक निदान छापील कागद हातात धरून कार्यालयात जात होता. प्रीपेडच्या ग्राहकाकडे एक पुसला गेलेला मेसेज असतो.

पण हा कागद मिळवण्याची सोय नियमात आहे, आणि ती फार थोड्यांना ठाऊक आहे. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, याने जानेवारी 2012 मध्ये केलेल्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार प्रीपेड ग्राहकही आपल्या वापराचा तपशीलवार हिशेब मागू शकतो. मागच्या सहा महिन्यांतल्या कोणत्याही काळाचा हिशेब कंपनीने अर्ज केल्यापासून 30 दिवसांत द्यायचा, आणि त्याचे 50 रुपयांपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत. कोणत्या दिवशी, कशासाठी, किती पैसे गेले हे त्यात येतं. वारंवार पैसे कापले जात असतील तर हे 50 रुपये खर्च करावेत. पुढची सगळी तक्रार त्या कागदावर उभी राहते.

संमती दोनदा

न मागितलेल्या सेवांबद्दल ट्रायने पहिला आदेश काढला आणि प्रश्न मिटला, असं झालं नाही. आदेश काढायचा, कंपन्यांनी त्यातून वाट शोधायची, मग नवा आदेश, असं अनेक वर्षं चाललं. 10 जुलै 2013 चा आदेश त्यातला सगळ्यात कडक. त्याचं सार असं: ग्राहकाने सेवा मागितली एवढ्यावर ती सुरू करायची नाही. त्याला सेवेचं नाव, पैसे आणि मुदत दाखवून पुन्हा एकदा होकार घ्यायचा. हा दुसरा होकार सेवा विकणाऱ्याच्या यंत्रणेत नोंदवायचा नाही, वेगळ्या त्रयस्थ यंत्रणेत नोंदवायचा. मग सेवा सुरू झाल्याचा मेसेज पाठवायचा. म्हणजे स्टार दाबला जाणं हा फक्त पहिला होकार. दुसरा झाला नसेल तर वसुली बेकायदा.

या आदेशाचा ग्राहकाला झालेला सगळ्यात मोठा उपयोग म्हणजे त्या दुसऱ्या होकाराची नोंद. ती कुठेतरी असायलाच हवी. तारीख, वेळ, कोणत्या मार्गाने होकार आला, हे त्यात असतं. तुमच्या बाबतीत ती नोंद नसेल तर कंपनीची बाजू तिथेच लंगडी पडते.

त्याच वेळी सगळ्या कंपन्यांसाठी एक समान मोफत क्रमांक ठरला: 155223. त्यावर फोन केला, किंवा इंग्रजी अक्षरांत 'स्टॉप' लिहून मेसेज पाठवला, की तुमच्या नंबरवरच्या पैसे लागणाऱ्या सेवा बंद करता येतात. विनंती केल्यापासून 4 तासांच्या आत सेवा बंद झाली पाहिजे. संमतीशिवाय सेवा सुरू झाली असेल आणि तुम्ही 24 तासांच्या आत कळवलं, तर कापलेले पैसे परत मिळायला हवेत. चोवीस तासांचा हा मुद्दा लक्षात ठेवा. माझ्या मते ही मुदत गावातल्या माणसासाठी फारच तोकडी आहे, कारण त्याला पैसे गेल्याचं कळतं तेच पुढच्या रिचार्जला. पण मुदत उलटली म्हणजे हक्क संपला, असा अर्थ कोणी लावू नये. चोवीस तासांत कळवलं तर पैसे झटपट परत यावेत. नंतर कळवलं तर रीतसर तक्रार करून मागायचे, एवढाच फरक.

मोबाइल डेटासाठी वेगळा मोफत क्रमांक आहे, 1925. त्यावर 'स्टॉप' पाठवलं की डेटाच बंद होतो. ज्या आजी-आजोबांच्या फोनवर फक्त बोलणंच चालतं, त्यांच्यासाठी हा सोपा उपाय आहे.

काळ बदलला, वाट बदलली

2016 नंतर अमर्याद बोलण्याचे पॅक आले आणि बहुतेक प्रीपेड ग्राहकांच्या मूळ बॅलन्समध्ये पैसेच राहिनासे झाले. पॅक 28 दिवसांचा, बॅलन्स शून्य. जिथे शिल्लक नाही तिथे कापणार काय? त्यामुळे जुनी कॉलर ट्यूनची वसुली कमी झाली, आणि यातून एक साधी खबरदारीही मिळते: गरज नसताना टॉप-अप टाकून मूळ बॅलन्समध्ये शंभर-दोनशे रुपये ठेवू नका.

न मागितलेली वसुली मात्र थांबली नाही. ती बिलातून बँकेकडे सरकली. 2017 मधलं एक प्रकरण या दृष्टीने फार बोलकं आहे. सिमकार्डाची आधार पडताळणी करताना एअरटेल पेमेंट्स बँकेत अनेक ग्राहकांची खाती त्यांना नीट न कळताच उघडली गेली. बँक खात्यात जमा होणारं गॅस सिलिंडरचं अनुदान या नव्या खात्यांत वळलं. बायाबापड्या जुन्या बँकेत पासबुक भरायला जात आणि अनुदान आलंच नाही असं ऐकून परत येत. डिसेंबर 2017 मध्ये आधार प्राधिकरणाने कंपनीची आधार पडताळणीची परवानगी तात्पुरती थांबवली. मार्च 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेने एअरटेल पेमेंट्स बँकेला 5 कोटी रुपयांचा दंड केला, कारण खाती ग्राहकांच्या स्पष्ट संमतीशिवाय उघडली गेली होती. स्टार दाबल्याचा अर्थ ट्यून मागितली असा लावणं आणि अंगठा टेकवल्याचा अर्थ खातं मागितलं असा लावणं यात तत्त्वाचा काहीही फरक नाही. दोन्हीकडे माणसाने एका कामासाठी केलेली कृती दुसऱ्याच कामाचा होकार म्हणून वापरली गेली.

आता 'पहिला महिना मोफत' म्हणत चालू होणाऱ्या आणि मग कार्डावरून किंवा यूपीआयच्या ऑटोपेमधून दर महिन्याला पैसे घेणाऱ्या सेवा वाढल्या आहेत. त्यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेचा नियम 1 ऑक्टोबर 2021 पासून लागू आहे: पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी ग्राहकाला सूचना गेली पाहिजे, आणि ते थांबवण्याची सोय त्याला मिळाली पाहिजे. यूपीआय ॲपमध्ये 'ऑटोपे' किंवा 'मँडेट' असा विभाग असतो. तो एकदा उघडून पाहा. नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. बंद करायलाच अवघड करून ठेवलेली सदस्यता आणि न विचारता बिलात घुसवलेली वस्तू, या दोन्ही गोष्टी तिथे अनुचित व्यवहार ठरवल्या आहेत.

 

तक्रार कशी करावी

पहिला फोन 198 वर. सगळ्या कंपन्यांचा तक्रारीचा हा मोफत क्रमांक. 121 हा माहितीसाठी असतो, तिथे वेळ घालवू नका. फोनवर तीन गोष्टी सांगायच्या: कोणत्या तारखेला, किती पैसे, कोणत्या नावाच्या सेवेसाठी गेले. मग तक्रार क्रमांक मागायचा. हा क्रमांक देणं कंपनीवर बंधनकारक आहे आणि तो मेसेजनेही आला पाहिजे. "तुमची तक्रार घेतली आहे" एवढ्या तोंडी उत्तरावर फोन ठेवू नका. क्रमांकाशिवाय केलेली तक्रार कोणत्याही नोंदीत नसते.

त्याच दिवशी कंपनीच्या ईमेलवर किंवा ॲपमध्ये लेखी मजकूर टाकावा. भाषा साधी असू द्या, मराठीत चालेल. नमुना असा:

"माझ्या मोबाइल क्रमांकावर अमुक तारखेला अमुक नावाची सेवा सुरू करून इतके रुपये कापण्यात आले. ही सेवा मी मागितलेली नाही. माझी संमती कोणत्या तारखेला, किती वाजता आणि कोणत्या मार्गाने घेतली याची नोंद मला द्यावी. नोंद नसल्यास कापलेली रक्कम परत करावी आणि सेवा कायमची बंद करावी. तक्रार क्रमांक अमुक."

यातलं तिसरं वाक्य कधीही गाळू नका. रागाने चार पानं लिहिण्यापेक्षा या एका वाक्याचा उपयोग जास्त होतो, कारण त्याला "तपासून कळवतो" असं गुळमुळीत उत्तर देता येत नाही. सोबत कापलेल्या पैशांच्या मेसेजचा स्क्रीनशॉट जोडा. बटणांचा फोन असेल तर दुसऱ्या फोनने त्याच्या पडद्याचा फोटो काढा. मेसेज पुसू नका.

बिलाच्या तक्रारीचा निकाल चार ते सहा आठवड्यांत लागायला हवा. तक्रार मान्य झाली तर पैसे आठवड्याभरात खात्यात वळते व्हायला हवेत. निकाल लागला नाही किंवा पटला नाही, तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे 30 दिवसांत अपील करायचं. ही सोय 2012 च्या तक्रार निवारण नियमांत आहे. अपिलाला पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही, आणि 39 दिवसांत निर्णय द्यावा लागतो. अपील प्राधिकरणाचा पत्ता कंपनीच्या वेबसाइटवर असतो. तक्रार करणाऱ्यांपैकी अपिलापर्यंत जाणारे थोडे. पण कस्टमर केअरवर ठरावीक वाक्यं वाचून दाखवणाऱ्या माणसापेक्षा इथे कागद बघणारं कोणीतरी असतं.

एक गैरसमज दूर करायला हवा. लोक थेट ट्रायला पत्र लिहितात. ट्राय नियम करते, पण एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. दिल्लीचं दूरसंचार विवाद न्यायाधिकरणही एकट्या ग्राहकाची तक्रार ऐकत नाही. केंद्राच्या दूरसंचार विभागाचा तक्रार कक्ष मात्र कंपनीकडे तक्रार करून काही झालं नाही तर दखल घेतो. त्याचा क्रमांक 1063. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915, आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

अहमदाबादचा एक ग्राहक

एवढं करूनही पैसे मिळाले नाहीत, तर जिल्हा ग्राहक आयोग. ही वाट जवळपास तेरा वर्षं संशयात होती. 1 सप्टेंबर 2009 रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका टेलिफोन बिलाच्या वादात सांगितलं, की 1885 च्या तार कायद्यात लवादाची वेगळी सोय असल्यामुळे असे वाद ग्राहक मंचाने ऐकू नयेत. त्यानंतर देशभर मोबाइल कंपन्या ग्राहक मंचांत हा निकाल पुढे ठेवू लागल्या आणि कित्येक तक्रारी उंबरठ्यावरूनच परत गेल्या.

अहमदाबादच्या एका ग्राहकाने मात्र सोडलं नाही. त्याचा व्होडाफोनचा पोस्टपेड प्लॅन महिना 249 रुपयांचा होता, सरासरी बिल 555 रुपये. 8 नोव्हेंबर ते 7 डिसेंबर 2013 या महिन्याचं बिल आलं 24,609.51 रुपये. बिल क्रेडिट कार्डावरून आपोआप भरण्याची सोय त्याने केलेली होती. त्याने 2014 मध्ये जिल्हा ग्राहक मंचात तक्रार दाखल केली. कंपनीने हरकत घेतली, की मंचाला अधिकारच नाही. ती हरकत जिल्हा, राज्य, राष्ट्रीय आयोग असं करत सर्वोच्च न्यायालयात गेली. 16 फेब्रुवारी 2022 रोजी न्या. धनंजय चंद्रचूड, न्या. सूर्य कांत आणि न्या. विक्रम नाथ यांच्या पीठाने निर्णय दिला: तार कायद्यातली लवादाची सोय असली, तरी ग्राहक आयोगाचा अधिकार त्यामुळे जात नाही. कोणता मार्ग निवडायचा, हे ग्राहकाने ठरवायचं.

बिल बरोबर की चूक, हा मूळ प्रश्न या निकालात नव्हताच. दार उघडं आहे की बंद, एवढं ठरायला आठ वर्षं लागली. एका माणसाच्या आयुष्यातली ही वर्षं फार महाग आहेत, आणि त्याचे आभार मानायला हवेत, कारण आज जळगावच्या किंवा धुळ्याच्या आयोगात मोबाइल बिलाची तक्रार घेऊन जाणाऱ्याला "इथे चालणार नाही" असं कोणी म्हणू शकत नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'सेवा' या व्याख्येत दूरसंचाराचं नाव स्पष्ट लिहिलं आहे. तार कायद्याच्या जागी आलेल्या 2023 च्या दूरसंचार कायद्यानेही ग्राहक आयोगाचा मार्ग मोकळा ठेवला आहे.

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आणखी एक मोठी सोय केली. कंपनीचं मुख्य कार्यालय मुंबईत असो की दिल्लीत, तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हायला हवी. ती ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरून ऑनलाइनही करता येते. आधी कंपनीला नोटीस पाठवावी, तिची पोच ठेवावी. ग्राहक पंचायतीचे कार्यकर्ते या कामात मदत करतात. ही चळवळ बिंदुमाधव जोशी यांनी 1974 मध्ये पुण्यात सुरू केली. वीस-तीस रुपयांसाठी लढणं कमीपणाचं नाही, हे त्या पिढीने महाराष्ट्राला शिकवलं.

तीस रुपयांसाठी आयोगात जावं का? एकट्या तीस रुपयांसाठी बहुधा नाही. अपिलापर्यंतचं सगळं मात्र घरबसल्या, फुकट होतं आणि तिथपर्यंत प्रत्येकाने जावं असं माझं मत आहे. वारंवार वसुली झाली असेल, पोस्टपेडचं मोठं बिल आलं असेल, किंवा बिल न भरल्यामुळे नंबर बंद केला असेल, तर आयोगात जरूर जावं. पोस्टपेडचं वादग्रस्त बिल तसंच सोडून देऊ नये. वाद नसलेली रक्कम भरावी आणि उरलेल्या रकमेवर वाद आहे, असं लेखी कळवून ठेवावं.

जो फोन घेतलाच नाही

एक प्रकार याहून वाईट आहे: जो नंबर आपण घेतलाच नाही, त्याचं बिल घरी येणं. आपण आधारची झेरॉक्स कुठे-कुठे देतो याचा विचार केला तर हे अशक्य वाटत नाही. एका माणसाच्या नावावर महाराष्ट्रात जास्तीत जास्त 9 सिमकार्डं असू शकतात. आपल्या नावावर नेमकी कोणती आहेत, हे केंद्र सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर पाहता येतं. मे 2023 पासून ही सोय आहे. आपला नंबर आणि ओटीपी टाकला की यादी येते. अनोळखी नंबरासमोर 'हा माझा नाही' असं नोंदवता येतं. बँकेच्या खात्यातून मोठी रक्कम गेली असेल, तर मात्र मोबाइल कंपनीच्या मागे न लागता ताबडतोब 1930 या सायबर मदत क्रमांकावर फोन करायचा. तिथे उशीर झाला की पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात पुढे जातात.

झेरॉक्स देताना तिच्यावर तारीख आणि 'फक्त सिमकार्डासाठी' असं पेनाने आडवं लिहायची सवय लावून घ्या. दुकानदार नाराज होत नाही, आणि झाला तर दुसरं दुकान आहे.

आज हे प्रकरण वाचून झालं की घरातल्या ज्येष्ठांचा फोन हातात घ्या, 155223 वर 'स्टॉप' पाठवा आणि कोणत्या सेवा चालू आहेत ते त्यांना मराठीत वाचून दाखवा. त्यातली एखादी त्यांनी मागितलेली नसेल, तर त्याच क्षणी 198 लावा आणि तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.